बेगडाखालची चीर

मी एक जुनी लाकडी तलवार आहे. जुनी आहे आणि अर्धीही आहे. मूठ आणि मुठीपुढचं वीतभर लाकूड, एवढीच मी उरले आहे. सोलापुरात गिरणीच्या मागच्या अंगाला एक तालीम आहे. तिच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला खुंटीवर मला टांगलेलं दिसेल. माझ्या शेजारी चामड्याची एक फरी आहे. फरी म्हणजे आमच्या खेळातली लहान ढाल. त्या फरीत माझीच एक लांब ढलपी अजून रुतून बसली आहे. ती तिथे कशी गेली, तेच मला सांगायचं आहे.

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मी जन्माची भित्री आहे. तलवार आणि भित्री, असं म्हणून तुम्ही हसाल. हसा खुशाल, मला त्याची सवय आहे. पण माझी भीती मार खाण्याची नव्हती. मार खाण्यासाठीच तर मला घडवलं होतं. मला भीती वाटायची ती माझ्या हातून कुणाला लागेल याची, आणि लागणार आहे हे कळूनही मला बोलता येणार नाही याची.

होटगीला रेल्वेच्या रुळांपासून थोड्या अंतरावर एका शेताच्या बांधावर मी बाभळीच्या पोटात होते. गाडी गेली की जमीन थरथरायची आणि आमच्या शेंगा खुळखुळायच्या. एका वळवाच्या वाऱ्यात ती बाभळ आडवी झाली आणि खोड महिपती सुताराच्या अंगणात आलं. महिपती म्हणजे नांगर, कुळव आणि बैलगाडीची चाकं करणारा माणूस. त्याच्याकडे एक दिवस डोक्याला पांढरा पटका बांधलेले, डाव्या डोळ्याने आंधळे असलेले एक गृहस्थ आले. ते तिप्पण्णा वस्ताद. गिरणीत कापसाच्या खात्यात काम करायचे आणि पाळी सुटली की तालमीत पोरांना फरी आणि तलवार शिकवायचे.

त्यांनी महिपतीला बजावून सांगितलं की लाकूड सबंध उन्हाळाभर सावलीत वाळू द्यायचं, गाठ असलेला तुकडा घ्यायचा नाही, कडा बोटासारख्या गोल ठेवायच्या आणि टोक तर बोरासारखं. महिपतीला गंमत वाटली.

"वस्ताद, तलवार म्हणताय आणि टोक बोरावानी मागताय. हिनं मारायचं कुणाला?"

"कुणालाच न्हाय," वस्ताद म्हणाले. "म्हणून तर लाकडाची करून घ्यायची."

ते ऐकून मला जन्माला यायचा थोडा धीर आला. महिपतीने मला तासलं, रंधलं आणि शेवटी फुटक्या बांगडीच्या काचेने खरवडून गुळगुळीत केलं. त्याच खोडातून माझी एक जुळी बहीणही निघाली. आम्हा दोघींना सुताने बांधून वस्तादांनी खांद्यावर टाकलं आणि सोलापूरला आणलं.

तालमीतला पहिला दिवस मी विसरले नाही. नव्या पोरांना वस्तादांनी समोर बसवलं होतं. हातात तलवार द्यायच्या आधी ते प्रत्येकाला आपला गेलेला डोळा जवळून बघायला लावायचे. पोरं चुळबुळ करायची, माना वळवायची. मग ते सांगायचे. तरुणपणी अक्कलकोटच्या बाजूला एका जत्रेत ते खेळत होते. समोरच्याच्या लाकडी तलवारीचा आवाज मध्येच बदलला. लाकूड आतून फुटल्याचं त्यांना कळलं होतं.

"मला ऐकू आलं हुतं," ते म्हणायचे. "पण तोंडातनं 'बस' निघालं न्हाय. लोक हसतील, असं वाटलं. हसणारे आपापल्या घरी गेले. डोळा मातुर तितंच ऱ्हायला."

मी त्या तलवारीच्याच जातीची होते.

पण वस्तादांचे नियम कडक होते आणि त्या नियमांच्या आधारावर मी दिवस काढले. खेळाआधी प्रत्येक तलवारीवरून कापूस फिरवायचा. वस्ताद गिरणीतून येताना कनवटीला रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, बोळा लावून आणायचे. तो मुठीपासून टोकापर्यंत हलक्या हाताने फिरवायचा आणि एक जरी तंतू अडकला तरी ती तलवार त्या दिवशी खुंटीवर. तिथे कुसळ उठलेलं असतं किंवा चीर पडलेली असते. डोळ्याला न दिसणारी चीर कापसाला सापडते. पोरं मागून हसायची, वस्ताद पिंजाऱ्याचा धंदा करतात म्हणायची. फरीशिवाय खेळ नाही. वार फरीवरच, खांद्याच्या वर कधीच नाही. बघणाऱ्यांनी राखेच्या रेघेच्या बाहेर बसायचं आणि त्या रेघेपर्यंत चांगली ऐसपैस जागा मोकळी ठेवायची. तलवारीने दुसरं कसलंही काम करायचं नाही, आंबा पाडायचा नाही, कुत्रं हाकलायचं नाही.

आणि सगळ्यांत मोठा नियम 'बस'चा. खेळणाऱ्यांपैकी कुणीही, कधीही, कारण न सांगता 'बस' म्हणावं. समोरच्याने त्याच क्षणी टोक जमिनीला टेकवायचं. ते टेकेपर्यंत 'बस' म्हणणाऱ्याने फरी खाली करायची नाही. का म्हणाला, ते नंतर विचारायचं.

नियम सोपा होता. पण मित्रांनो, तो पाळला जाताना मी फार थोड्या वेळा पाहिला. 'बस' म्हणायला पोरांना लाज वाटायची. बोटं सुजवून घरी जायची, पण तोंडातून शब्द काढायची नाहीत. असं कुणी दात दाबून खेळत असलं की माझा जीव मुठीत यायचा.

वस्तादांचं घर तालमीच्या पाठीला होतं. घरात त्यांची बायको चंद्रव्वा आणि मुलगी महानंदा. मुलींनी तालमीच्या तांबड्या मातीत पाय ठेवायचा नाही, अशी रीत होती. पण मागच्या अंगणातल्या लिंबाखाली खेळायला कुणाची आडकाठी नव्हती. पोरं घरी गेली की महानंदा आम्हा तलवारींना अंगणात घेऊन बसायची. ओल्या फडक्याने घाम पुसायची, करडईचं तेल चोळायची आणि सावलीत आडवं ठेवायची. तिची एक खोड होती. तेल लावून झालं की तलवार कानाशी धरायची आणि नखाने टिचकी मारून ऐकायची. माझा आवाज जरा किनरा, बहिणीचा जाड. डोळे मिटूनही आमच्यातली कोण कुठली हे ती सांगायची. मला तिचा फार लळा लागला.

अंगण झाडता झाडता ती खेळायलाही शिकली. वस्तादांनी आधी दुर्लक्ष केलं, मग हळूच पाय कसा टाकायचा ते सांगितलं, मग फरी हातात दिली. चंद्रव्वाला ते मुळीच पसंत नव्हतं. चुलीपाशी बसून ती नवऱ्याला ऐकवायची की एका घरात एक डोळा गेला तेवढा पुरे, पोरीच्या तोंडाला काही झालं तर तिला करून घेणार कोण. वस्ताद उठून फरीचे बंद तपासायला लागायचे. चंद्रव्वा आणि मी, दोघी एकाच भीतीने झुरत होतो. तिला ते माहीत नव्हतं, एवढंच.

ही गोष्ट एकोणीसशे सव्वीसच्या दसऱ्याची आहे. शिलंगणाहून परतल्यावर तालमीसमोरच्या मैदानात दरवर्षी खेळ व्हायचे. त्या वर्षी वस्तादांनी ठरवलं की महानंदा खेळेल. बारा वर्षांची पोर. गल्लीत कुजबुज झाली. पोरगी पहिल्याच वाराला आईकडे पळेल, असं म्हणून लोकांनी आपापसांत हसून घेतलं. ते तिच्या कानावर गेलं होतं. तेल लावताना तिचे ओठ घट्ट मिटलेले मी पाहिले.

तिच्यासमोर उभा राहायला कुणी तयार होईना. मुलीशी खेळून जिंकलं तरी नाचक्की आणि हरलं तर बघायलाच नको. शेवटी बिरप्पा तयार झाला. बिरप्पा वस्तादांचा सगळ्यांत जुना शागीर्द, मिसरूड फुटलेला, उंचापुरा, हाताला जड पण मनाने लोण्यासारखा. रस्त्यात कुणाचं ओझं दिसलं की याचा खांदा आधी पुढे. त्याच्या हातात मी असणार होते आणि महानंदाच्या हातात माझी बहीण.

सप्तमीच्या संध्याकाळी वस्तादांनी आम्हा सगळ्या तलवारींवरून कापूस फिरवला. एकही तंतू अडकला नाही. मी सुटकेचा श्वास टाकला. अष्टमीला तालमीला चुना लावायचा होता म्हणून आम्हाला बाहेर ओट्यावर काढून ठेवलं होतं. बिरप्पा आम्हाला पुसत बसला होता आणि मी त्याच्या हातात होते. तेवढ्यात समोरून सुताच्या गठ्ठ्यांनी लादलेली एक बैलगाडी आली आणि तिचं चाक गटारात गेलं. गाडी कलली. एक बैल गुडघ्यावर आला. गाडीवान चाकाला खांदा लावून ओरडत होता.

बिरप्पा धावला. हातात होते ती मीच. त्याने मागचापुढचा विचार न करता मला चाकाखाली सारलं, दुसरं टोक खांद्यावर घेतलं आणि सगळं बळ लावलं. मित्रांनो, गाडी वर आली. बैल उठला. लोकांनी बिरप्पाच्या पाठीवर थापा मारल्या. आणि त्याच वेळी माझ्या आत, मुठीपासून वीतभर पुढे, काहीतरी 'कट' असं झालं.

गाडीच्या खडखडाटात ते कुणालाच ऐकू आलं नाही. मला मात्र कळलं. लाकडाच्या रेषांमध्ये एक चीर सरळ आत गेली होती आणि ओझं निघताच तिने तोंड मिटून घेतलं होतं. बिरप्पाने मला धोतराच्या सोग्याने पुसलं, उलटसुलट करून पाहिलं आणि ओट्यावर ठेवलं. त्याला काहीच दिसलं नाही. एका गरीब गाडीवानाचं काम झालं याच आनंदात तो होता, आणि मी भीतीने गार पडले होते.

तरी माझ्या मनात एक आशा होती. खेळाआधी कापूस फिरणारच होता. तंतू अडकेल आणि मी खुंटीवर जाईन, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पण दुपारी आबासाहेब आले. हे कापडाचे मोठे व्यापारी, तालमीवर त्यांचा जीव. हौसेने त्यांनी रुपेरी बेगड आणलं होतं. लाकडी तलवारी लांबून अगदी खऱ्या पोलादासारख्या चमकल्या पाहिजेत, असं त्यांना वाटत होतं. पोरांना काय, उत्साहच. हातमागवाल्यांच्या घरून सुताला लावायची खळ आणली आणि सगळ्यांनी मिळून आम्हाला मुठीपासून टोकापर्यंत बेगड चिकटवलं. माझ्या चिरेवर तर कुणीतरी अंगठ्याने दाबून दाबून बसवलं. आता मी आरशासारखी गुळगुळीत दिसत होते. मला बघून पोरं नाचली. मला मात्र जिवंत माणसाचं तोंड बांधावं तसं झालं.

नवमीला शस्त्रांची पूजा. त्या दिवशी सोलापुरात गिरणीतल्या साच्यांना, म्हणजे यंत्रमागांना, झेंडू चढतो, घरोघरच्या मागांना हळदकुंकू लागतं. आम्हालाही पाटावर मांडलं, झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला. वस्तादांनी स्वतःच्या हाताने पूजा केली आणि आम्हाला दंडवत घातला. एकदा पूजेत बसवल्या की तलवारी दसऱ्याला खेळायच्या वेळेपर्यंत हलवत नाहीत. सबंध दिवस माणसं येत होती, हात जोडत होती. बायका लेकरांना आमच्या पायाशी घालत होत्या. एक म्हातारी तर मला बोटं लावून ती आपल्या डोळ्यांना लावून गेली. डोळ्यांना! मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं की आत्ताच्या आत्ता पाटावरच दोन तुकडे होऊन पडावं. पण लाकडाला हवं तेव्हा फुटताही येत नाही.

दसऱ्याचा दिवस कलला. सीमेवरून माणसं आपट्याची पानं घेऊन परतली, एकमेकांना सोनं देऊन झालं आणि मैदान भरलं. राखेची रेघ ओढली होती. तिच्या बाहेर एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका आणि पुढे मुलं दाटीवाटीने बसली. चंद्रव्वा तालमीच्या खांबाआड उभी होती. वस्तादांनी आम्हा दोघी बहिणींना पाटावरून उचललं आणि सवयीने त्यांचा हात कनवटीला गेला. रुईचा बोळा बाहेर आला.

मी जिवाचे कान केले.

आबासाहेबांनी त्यांना अडवलं, पण अगदी आदराने. तलवारी सप्तमीलाच तपासलेल्या आहेत, आता त्यांना देवपण आलेलं आहे, देवाच्या अंगावर कापूस फिरवून संशय घ्यायचा का, असं त्यांचं म्हणणं. शिवाय बेगडावरून कापसाला काय सापडणार? आजूबाजूच्या जाणत्यांनीही माना डोलावल्या. वस्ताद घोटाळले. आदल्या दिवशी त्यांनीच मला दंडवत घातला होता. ज्याच्यापुढे डोकं टेकवलं त्याची परीक्षा कशी घ्यायची, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. त्यांनी बोळा परत कनवटीला खोचला, मला कपाळाला लावलं आणि बिरप्पाच्या हातात दिलं.

माझी शेवटची आशा तिथे संपली. बिरप्पाची पकड नेहमीसारखी उबदार होती. समोर महानंदा उभी होती, चोळी आणि कासोटा घातलेलं लुगडं, कमरेला पदर खोचलेला, डाव्या हातात फरी. फरीच्या वरून तिचे दोन डोळे दिसत होते. मी त्या डोळ्यांखेरीज काही पाहू शकत नव्हते.

हलगी वाजत होती. सलामीच्या वेळी हलगी थांबवायची, असा आमच्याकडचा रिवाज आहे. हलगी थांबली. दोघांनी तलवारी पुढे केल्या आणि मी माझ्या बहिणीला टेकले. एक बारीकसा आवाज झाला.

महानंदाच्या कपाळाला आठी पडली.

तिने ऐकलं होतं! माझा किनरा आवाज तिला पाठ होता आणि आज तो तसा आला नव्हता. तडा गेलेल्या मडक्यावर बोट मारावं तसा बोदा आला होता. तिने माझ्याकडे पाहिलं. पण तिला काय दिसणार? नुसतं चकचकीत बेगड. आणि तेवढ्यात हलगी पुन्हा सुरू झाली.

पहिला वार फरीवर आला. बिरप्पा जपूनच मारत होता, तरी चीर थोडी उघडली. दुसरा वार. तिसरा. प्रत्येक वाराला चीर पुढे सरकत होती आणि बेगड तिला वरून झाकत होतं. लोक खूश झाले होते. पोरगी पळाली नाही, उलट पाय रोवून उभी आहे, हे बघून बायकांच्या बाजूने कौतुकाचे आवाज येत होते. आबासाहेब मान डोलावत होते. खांबाआडची चंद्रव्वाही आता पुढे येऊन बघत होती.

आणि महानंदाचा चेहरा मात्र पांढरा पडत चालला होता. तिच्या मनात काय चाललं असेल ते मला कळत होतं. 'बस' म्हणावं तर सगळ्यांचं खरं होईल. पोरगी घाबरली, बघा, शेवटी पोरगीच, असं म्हणतील. वस्तादांनाही हसतील. आणि न म्हणावं, तर हा आवाज. मी आतल्या आत ओरडत होते की म्हण, पोरी, म्हण. हसू देत त्यांना, ते घरी जातील.

तिने एकदा बापाकडे पाहिलं. वस्तादांची आंधळी बाजू तिच्याकडे होती, त्यांना तिची नजर दिसली नाही. त्यांचा तो मिटलेला डोळा मात्र तिला दिसला.

"बस," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण पुढच्या रांगेने तो ऐकला आणि लगेच हशा पिकला. कुणीतरी म्हणालं की झालं, आता आईकडे जा. बिरप्पानेही ऐकलं होतं. पण त्याचा हात वर गेलेला होता, अंगाचा भार पुढे पडला होता आणि अशा जड हाताला थांबायला क्षणभर उशीर लागतो. त्याने वार आवरायचा प्रयत्न केला. मी खाली येऊ लागले.

लोक हसत होते आणि महानंदाने फरी खाली केली नव्हती. उलट तोंडावर घेतली होती.

मी फरीच्या कडेवर आदळले आणि फुटले.

माझं पुढचं अंग गरगरत गेलं आणि राखेच्या रेघेच्या अलीकडे, पुढे बसलेल्या एका मुलाच्या मांडीपासून हातभर अंतरावर मातीत पडलं. आणि चिरेतून सुटलेली एक लांब ढलपी सरळ फरीत घुसली. चामडं भेदून तिचं टोक पलीकडे निघालं. हलगी थांबली. हशा कुठल्या कुठे गेला.

महानंदा फरीमागे तशीच उभी होती. ती हलत नव्हती. बिरप्पाच्या हातात मी अर्धी लटकत होते आणि माझ्या अंगावरून बेगडाचे तुकडे खाली गळत होते. तिथे असलेल्या कुणालाच पुढे व्हायचा धीर होईना, कारण फरीमागे काय असेल ते बघायचं होतं.

वस्ताद गेले. त्यांनी हळूच फरी बाजूला केली. मग मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, एका पापणीवरून अंगठा फिरवला आणि मग दुसऱ्या पापणीवरून.

"दिसतंय का?"

"दिसतंय, अप्पा. दोन्नीनं."

मित्रांनो, त्यांनी फरी उलटी करून पाहिली. ढलपीचं टोक जिथे बाहेर आलं होतं, तिथे पलीकडे तिचा उजवा डोळा होता. हात सैल असता किंवा फरी खाली गेली असती तर पुढे काय झालं असतं, ते सांगायची गरज कुणालाच वाटली नाही.

मग वस्ताद लोकांकडे वळून म्हणाले, "कापूस फिरवाय पायजे हुता. देवाला मधी घालून म्या फिरवला न्हाय. देवाची चूक न्हाय ह्यात."

आबासाहेबांनी मान खाली घातली. तेव्हा बिरप्पा पुढे झाला आणि अष्टमीच्या दिवशी गाडीचं चाक कशाने उचललं, ते त्याने सांगितलं. सांगता सांगता तो लहान पोरासारखा रडला. मला वाटलं, आता वस्ताद त्याला तालमीबाहेर काढणार. पण ते चिडले नाहीत.

"गाडी उचललीस ते ब्येस केलंस," ते म्हणाले. "पर उचलून झाल्यावर मला सांगायचं की, लेकरा."

लोक उठायला लागले होते. महानंदा खाली बसली आणि माझ्या बहिणीच्या अंगावरचं बेगड नखांनी सोलू लागली. सगळं सोलून झाल्यावर तिने बापापुढे हात केला. वस्तादांनी कनवटीचा बोळा काढून दिला. इतक्या माणसांसमोर, पूजेतून उठवलेल्या तलवारीवरून, त्या पोरीने मुठीपासून टोकापर्यंत सावकाश कापूस फिरवला. एकही तंतू अडकला नाही. तालमीतली आणखी एक तलवार तिने मागून घेतली, तीही सोलून तपासली आणि बिरप्पाला दिली. तोवर उठलेले सगळे परत खाली बसले होते. मग हलगी वाजली आणि खेळ पुरा झाला.

मला कुणीतरी चुलीत घातलं असतं, पण चंद्रव्वाने उचलून पदरात घेतलं. दुसऱ्या दिवशी तिनेच मला आणि त्या फरीला इथे टांगायला लावलं आणि खाली रुईची टोपली ठेवली.

त्याला आता बारा वर्षं झाली. वस्ताद गेले. बिरप्पा वस्ताद झाला. तो नव्या पोरांना गेलेला डोळा दाखवू शकत नाही, म्हणून माझ्याजवळ आणून फरीतल्या ढलपीवर त्यांचं बोट फिरवायला लावतो. पोरं ऐकतात, पण घाईत असतात. बिरप्पा पाळीवर गेला की त्यांना मोकळं रान मिळतं. हल्ली कधीकधी टोपलीतल्या रुईवर धूळ बसलेली असते आणि पोरं तिला ओलांडून तलवारी ओढून घेतात. मला वाटणारी भीती कमी झालेली नाही. दुपारी मैदानातून ठकठक आवाज आला की मी ऐकत राहते, सगळ्यांचे आवाज ठीक आहेत ना.

मित्रांनो, तुमच्या हातात लाकडाची का होईना, तलवार आली तर एवढं करा. खेळाआधी तिच्यावरून कापूस फिरवा आणि तिला देव मानलं असेल तर दोनदा फिरवा. तिने आंबे पाडू नका, गाड्या उचलू नका, आणि चुकून उचललीतच तर मोठ्यांना सांगा. तुमच्यासमोर कुणी 'बस' म्हणालं तर हसू नका. तुम्हाला भीती वाटली, तर ती लपवू नका.

परवाच्या दसऱ्याला महानंदा माहेरी आली होती. अक्कलकोटला दिलं आहे तिला. बरोबर तिची लहान मुलगी होती. तालमीच्या दाराशी थांबून त्या पोरीने मला खुंटीवरून काढायचा हट्ट केला. महानंदाने मला खाली घेतलं, सवयीने पदराने पुसलं आणि तिच्या हातात दिलं. पोरीने मला कानाशी धरलं आणि नखाने टिचकी मारली. ही खोड तिला कुणी शिकवली ते सांगायला नको.

"अव्वा, ही फुटलीया की," ती म्हणाली.

"व्हय," महानंदा म्हणाली. "तिनंच सांगितलं हुतं मला."

इतकी वर्षं मी समजत होते की त्या दिवशी मला बोलता आलं नाही.